डीकनसाहेबांची चूळ

ठाण्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती, पण तिच्या डीकनाचा तोरा मोठा होता. डीकन म्हणजे मंडळीचा सेवक. विधवांची विचारपूस करायची आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या तांबड्या द्राक्षारसाचा, प्याला सर्वांपर्यंत न्यायचा, एवढेच त्याचे काम. आमचे डीकन जन्माने ब्राह्मण. शेंडी कापून त्यांना बरीच वर्षे झाली होती. सगळे एकाच प्याल्यातून पीत, पण हे गृहस्थ पहिला घोट नेहमी स्वतः घेत आणि मगच प्याला पुढे नेत. आम्ही भाबडे त्यालाच भक्ती समजत होतो.

एका रविवारी नव्या पाद्रीसाहेबांनी बजावले की सेवकाने सर्वांच्या शेवटी प्यावे. शेवटच्या बाकावर मिठागरात राबणारी एक म्हातारी महार विधवा बसली होती. तिच्यानंतर डीकनांनी प्याला तोंडाला लावला आणि डोळे मिटले. पुढे साऱ्या मंडळीने ‘आमेन’ म्हटले, तेव्हा यांचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.

उपासना सुटताच मी बाहेर आलो, तर स्वारी विहिरीपाशी. दगडावर तांबडी चूळ पडली होती. मागून ती म्हातारी आली.

“डीकनबाबा, रस लई आंबट व्हता का?”

“हो,” ते म्हणाले.

डीकन मद्यपी नसावा, असे शास्त्र सांगते. आमच्या डीकनांनी ते इतके कडक पाळले की प्रभूच्या प्याल्यातला घोटसुद्धा घशाखाली उतरू दिला नाही.