आजी राजकारणाच्या कपाटात

"हे पुस्तक राजकारणातच राहील," क्राउझ म्हणाला. क्राउझ माझा बॉस. रीमचा, म्हणजे त्या पुस्तकाच्या लेखिकेचा, फोन मी नुकताच ठेवला होता.

स्टुटगार्टमधली आमची कंपनी पुस्तकं छापत नाही, विकतही नाही. प्रत्येक नव्या पुस्तकाला एक कोड देते. पुस्तक दुकानात कोणत्या कपाटात जाईल, ते या कोडवर ठरतं. हे काम सॉफ्टवेअर करतं आणि सॉफ्टवेअर मी सांभाळते. पुस्तक वाचायची वेळ सहसा कोणावर येत नाही.

रीमच्या कादंबरीत सॉफ्टवेअरला पॅलेस्टाईन, छावणी, चेकपोस्ट असे शब्द सापडले. त्याने ती राजकारणात टाकली.

"तिथे माझ्या आजीला भेटायला कोण येणार?" रीम फोनवर म्हणाली होती. "ही आमच्या घरची गोष्ट आहे. कौटुंबिक कादंबऱ्यांत ठेवा." पुस्तक खपलं नाही तर प्रकाशक उरलेल्या प्रती रद्दीत काढणार होता.

"तसं केलं तर राजकारण लपवलं म्हणून तक्रारी येतील," क्राउझ म्हणाला.

"मग फिअर-आउगेन-प्रिन्झीप लावू," मी म्हणाले. चार डोळ्यांचा नियम. वादाचं काम दोघांनी वेगवेगळं तपासायचं. जर्मन ऑफिसांचा हा फार लाडका नियम आहे आणि क्राउझ नियम मोडत नाही. चेहरा पाडून तो एक प्रत घरी घेऊन गेला.

मीही वाचली. आजीला तरुणपणी गाव सोडावं लागलं, मुलगे छावणीत वाढले, नातवंडं गाझात. पण घरातली खरी धुसफूस एका तांब्याच्या पातेल्यावरून. आजीने ते धाकट्या सुनेला दिलं. थोरलीने अबोला धरला. असा अबोला आमच्याकडेही झाला आहे, त्यामुळे मला हसू येत होतं. मग ईदच्या तोंडावर धाकटीच्या घरावर बॉम्ब पडला आणि ती गेली. मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, रडले. समोरच्या बाई शिस्तीत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सोमवारी क्राउझ आला. कोडचं नाव काढलं नाही.

"आजीचं चुकलं. पातेल्यावर थोरलीचा हक्क होता."

"धाकटीकडे खाणारी तोंडं जास्त होती, क्राउझसाहेब."

"मग आधी विचारायचं. आमच्या आईनेही असंच केलं होतं."

बराच वेळ आम्ही त्याच घरातले असल्यासारखे भांडलो.

"तरी थोरलीने बोलायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला.

"ईदला धाकटीकडे जाणार होती ना ती."

क्राउझने लॅपटॉप ओढून कोड बदलला, कौटुंबिक कादंबऱ्यांचा टाकला.

तक्रारी आल्याच. प्रत्येक तक्रारीला क्राउझचं एकच उत्तर जातं: दोघांनी तपासलं आहे. पुस्तक अजून दुकानात आहे.

बातम्यांत मेलेल्यांचा आकडा असतो. त्यांतल्या एकीशी तिच्या जावेचं बोलणं राहून गेलं, हे कळायला कादंबरी लागते.