पिल-न्योच्या नावातलं अक्षर

गोहुंगच्या किनाऱ्यावर कालवं फोडणाऱ्या बायकांत पिल-न्योचा हात सगळ्यात चलाख, आणि तोंडही. क्वाकांची ती चौथी मुलगी. लहानपणी केस विंचरताना आई तिला सांगायची, "तुझं नाव साधंसुधं नाही गं. 'न्यो' म्हणजे मुलगी आणि 'पिल' म्हणजे हवीच अशी. तू आम्हाला हवीच होतीस." थोरल्या तिघींना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या एवढ्याशा बोलण्यावर पिल-न्योनं सगळा जन्म काढला.

तिच्या पाठीवर योंगशिक झाला. घरात एकदाचा मुलगा आला. गावातल्या म्हाताऱ्या तिचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "पोरीच्या नावानं काम केलं हो!" तिला ते कौतुकच वाटायचं. चौथीत तिची शाळा सुटली. भावाला पाठीला बांधून ती चिखलात कालवं वेचायला जाऊ लागली. भाऊ शिकला, शहरात मास्तर झाला. तिचं लग्न एका कोळ्याशी झालं. वादळात तो गेला तेव्हा पदरात दोन वर्षांचा मुलगा, तोक्सू, होता. रडायलाही तिला फारशी सवड मिळाली नाही.

तिच्या एकोणसाठाव्या वर्षी, कालवांच्या हंगामात, योंगशिक कालवं फोडायच्या शेडमध्ये तिच्यासमोर येऊन बसला. चेहरा पिवळा पडला होता. यकृताच्या दुखण्याचं त्यानं आधीच फोनवर सांगितलं होतं.

"ताई, एक गोष्ट पोटात ठेवून मरायचं नाही मला. तुझ्या नावातला 'पिल' तो नव्हे."

"कुठला तो नव्हे?"

"उच्चार एकच, पण नावं ज्या चिनी अक्षरांत नोंदवतात, त्यांत 'पिल' दोन आहेत. 'हवीच'चं वेगळं. कचेरीच्या दप्तरात तुझ्या नावापुढे दुसरंच आहे. त्याचा अर्थ, संपलं."

तिनं पुढचं कालव उचललं, फोडलं, भांड्यात टाकलं. "म्हणजे पोरी पुरे झाल्या."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"आठवीत. शाळेसाठी घरच्यांच्या नोंदीचा दाखला काढला तेव्हा."

"आणि चाळीस वर्षं गप्प बसलास, मेल्या?"

"तू साऱ्या शेजारणींना इतक्या ऐटीत सांगायचीस. कसं बोलणार?"

"आईला ठाऊक होतं?"

"तिला कुठं वाचता येत होतं! नाव बाबांनी ठेवलं. त्यांनी तिला खोटं सांगितलं का तिनंच तुझ्यासाठी रचलं, ते आता कुणाला विचारायचं?"

पिल-न्योनं सुरी खाली ठेवली. बाजूच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. योंगशिक डोळे पुसू लागला, तशी ती खेकसली, "तू कशाला रडतोस? तुझं नाव तर चांगलं आहे."

अक्षर बदलून 'हवीच'चं घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते. अर्ज योंगशिकनं स्वतःच्या हातानं लिहिला. मग तो इस्पितळात पडला. ती डबा घेऊन जायची, तेव्हा तो तिचा हात धरून नवं अक्षर गिरवून घ्यायचा. पाच फटकाऱ्यांचं अक्षर, 'हृदय' अर्थाच्या चिनी अक्षरावर एक तिरपी रेघ ओढावी तसं. "ताई, कालवं फोडतेस तसं लिहू नकोस, हळू!" तो हसायचा आणि धाप लागून थांबायचा.

परवानगीचा कागद आला त्याच्या आदल्या आठवड्यात तो गेला.

नवं ओळखपत्र घेऊन ती शेडमध्ये आली तेव्हा बायकांनी विचारलं, "आता काय हाक मारायची गं?"

"तीच."

"मग बदललं काय?"

तिनं सुरी उचलून पुढचं कालव फोडलं. तसंही तिथं सगळ्या तिला तोक्सूची आईच म्हणत.

शरदात, छुसॉक या पितरांच्या सणाआधी, आईबापांच्या जोडथडग्यावरचं गवत काढायचं असतं. दरवर्षी ते योंगशिक करायचा. यंदा विळा घेऊन ती एकटीच टेकडी चढली. आईच्या बाजूचं गवत तिनं मुळाशी कापलं, हातानं साफ केलं, तांदळाची दारू ओतली. मग आईला काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, पण विचारायच्या ऐवजी विळा उचलून उठली. बापाच्या बाजूला गुडघाभर गवत होतं. त्याला हात न लावता ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वर गेली आणि उरलेलं गवत काढून आली.