आबा मला अवयव पाडायला शिकवतात

आत्मविश्वासाने चुकावं कसं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने माझ्या सासऱ्यांच्या पायाशी बसायला हवं होतं. मी बसले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या त्या वर्षांत, धुळ्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर, मी त्यांच्याकडून बीजगणित शिकले. अख्खी गल्ली त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. कचेरीतून पेन्शनीत निघाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, विहीर खणतात, निदान तब्येतीच्या तक्रारी तरी सुरू करतात. आबांनी सुनेला मॅट्रिक करायचं ठरवलं. लग्न ठरलं तेव्हा मी जळगावला इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या एकच वर्ग अलीकडे होते, आणि बैठकीत सगळ्यांसमोर आबा म्हणाले होते, "मुलीचं शिक्षण तुटणार नाही. मी स्वतः शिकवीन." माझे वडील गहिवरले. खुद्द आबांना मॅट्रिकच्या गणिताने जन्मभर दाराबाहेर उभं ठेवलं होतं, हे वडिलांना कोणी सांगितलं नव्हतं.

आबांची शिकवण्याची पद्धत कचेरीतली. सकाळी दूध तापलं की ते कोट चढवून, टोपी नीट बसवून ओट्यावर येत. बिनकोटाने शिकवलेलं डोक्यात राहत नाही, असं त्यांचं मत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाटीवर क्षचा वर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा असं लिहिलं आणि म्हणाले, "असे दोन आकडे शोधायचे, की गुणाकार सहा आणि बेरीज पाच. दोन आणि तीन. पडले अवयव." हे बरोबर होतं, आणि ते बरोबर आल्यामुळेच फार नुकसान झालं. कारण दुसऱ्या दिवशी शेवटचे सहा उणे आले, तरी आबा दोन आणि तीनच म्हणाले.

मी चाचरत म्हटलं, "आबा, सहाच्या आधी उणे आहे."

"दिसतंय मला. उणे म्हणजे शेरा. साहेबाने समासात शेरा मारला म्हणून मूळ अर्ज बदलत नाही."

तिथे सहा आणि उणे एक हवेत, एवढं मला शाळेतून येत होतं. पण सासऱ्यांना 'तुमचं चुकलं' म्हणायची सोय त्या काळच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. पडताळा घेऊ या का, असं विचारून पाहिलं, तर म्हणाले, "पडताळा संशयी माणसं घेतात." शेवटी मला वाट सापडली. मी बरोबर उत्तर पाटीवर लिहायची आणि विचारायची, "आबा, माझं कुठे चुकलं?" मग ते चष्मा पुसत, पाटी लांब धरत, जवळ धरत, त्यांचे ओठ बराच वेळ हलत, आणि निकाल येई, "चुकलं नाही. माझ्या मनात हेच होतं. तू घाईने आधी लिहिलंस." अशा रीतीने आम्ही दोघंही हळूहळू शिकत गेलो आणि श्रेय मात्र एकाच बाजूला साचत गेलं.

वर्ग ओट्यावर भरत असल्याने येणारेजाणारे थांबत. त्यांच्यादेखत आबा 'अवयव' म्हणत नसत, ऐटीत 'फॅक्टर' म्हणत. एकदा दूधवाला चरवी खाली ठेवून काळजीने म्हणाला, "आबा, सूनले फॅक्टरीमा धाडतस का? तठे कापूसनी धूळ भलती शे." आबांनी त्याला जिनिंग फॅक्टरी आणि बीजगणित यांतला फरक सविस्तर समजावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे पगार नही." सासूबाई आतून म्हणाल्या, "चला, त्याला तरी कळलं."

मग क्षच्या वर्गाआधीही आकडा आला. सहा क्षवर्ग अधिक क्ष उणे बारा. माझी शाळा याच्या अलीकडेच सुटली होती, त्यामुळे 'माझं कुठे चुकलं' विचारायला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. परीक्षा पावसाळ्यासारखी ठरल्या वेळी येणार होती. आबांनी दोन आणि तीन लावून पाहिले, तीन आणि चार लावले, छापखान्याची चूक असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी 'चाळीसगावला काम आहे' असं सासूबाईंना सांगून ते गाडीत बसले. परतले ते पुढच्या संध्याकाळी, कोटावर इंजिनाची काजळी घेऊन, आणि पाणीही न पिता त्यांनी पाटी मागवली.

"सहा गुणिले उणे बारा. उणे बहात्तर. आता गुणाकार उणे बहात्तर आणि बेरीज एक. नऊ आणि उणे आठ. मधल्या पदाची फोड कर. आणि उणेला जपायचं बरं का. तिथे भलेभले फसतात."

मी फोड केली. अवयव सुरेख पडले.

"आबा, हे कुठे सापडलं?"

"गाडीत सुचलं. खिडकीशी जागा मिळाली होती."

मी मॅट्रिक झाले. आबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात "आम्ही पास झालो" असं सांगितलं. त्यानंतर मी माहेरी जळगावला गेले, तेव्हा माझे शाळेतले गणिताचे मास्तर भेटले. ते म्हणाले, "तुझे सासरे माझ्याकडे आले होते, माहीत आहे? पडवीत टोपी मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, सून मला सांभाळून घेते. माझं चुकलं तरी बोलत नाही, उलट आपलं काय चुकलं म्हणून मलाच विचारते. आता तिलाही न येणारं आलंय. मला शिकवा, म्हणजे तिचं वर्ष जाणार नाही. दिवसभर बोटं मोजत गणितं सोडवली त्यांनी. तुला सांगू नका म्हणाले होते, पण आता पास झालीस."

धुळ्याला परतले तेव्हा आबा ओट्यावरच होते. माहेरची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाले, "आणखी कोण भेटलं?"

"शाळेतले मास्तर भेटले."

"काय म्हणाले?"

"काही नाही. तुमची तब्येत विचारली."

 आबा म्हणाले, "भला माणूस आहे. थोडा बोलका आहे." आणि हातपाय धुवायला उठून आत गेले. इतके दिवस ते नेहमी माझ्या समोर बसत आले होते. त्यांच्या पाठीला चांगलंच पोक आलं आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.