सुभानरावांची खूण

भाला आमच्या रक्तात आहे, असं सुभानराव मोहिते कुणी विचारलं नसतानाही सांगत. खापरपणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते हे खरं. पण पुढच्या पिढ्यांच्या हातात आला तो फार तर पहारेकऱ्याचा दंडुका, आणि खुद्द सुभानराव बडोद्याजवळच्या वाघोडियातल्या एका कारखान्याच्या फाटकावरून नुकतेच निवृत्त झाले होते. भाला उरला त्यांच्या मुलीपुरता, संयोगितापुरता.

संयोगिता एका शाळेत कंत्राटावर खेळ शिकवायची. खेळाडूंसाठी राखलेल्या सरकारी नोकरीची वयाची अट यंदा संपत होती. हिवाळ्यातल्या निवड चाचणीत पंचेचाळीस मीटर भाला गेला तर काही आशा, नाहीतर भाला माळ्यावर. आणि तो मेला भाला अडतीसच्या पुढे सरकायला तयार नव्हता. पहाटे उठायचं तरी कशासाठी, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. नवरात्र संपल्यावर तिने मनाशी पक्कं केलं, आज बाबांना सांगून टाकायचं की आता बस झालं.

त्या सकाळी दोघं मैदानावर गेली. नऊ रात्री गरबा खेळून मैदान फरशीसारखं टणक झालं होतं. भाल्याचं टोक जमिनीत रुतेना. ते टेकायचं, उसळायचं आणि भाला घसरत लांब जाऊन पडायचा. भालाफेकीत माप धरतात ते टोक पहिल्यांदा टेकतं तिथपर्यंतच. तिथे उडालेली धूळ संयोगिताला स्वच्छ दिसली. सुभानरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना दिसला तो फक्त आडवा पडलेला भाला. त्यांनी तिथेच टाच रोवून खूण केली, टेप ताणली आणि तोंडभर हसत मुलीकडे आले.

"शेहेचाळीस, संयू!"

तिच्या ओठांवर आलेलं सगळं तिने गिळलं. इतकी वर्षं टेप धरून उभ्या राहिलेल्या या माणसाचा चेहरा असा फुललेला तिने पाहिलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो आकडा ऐकून तिलाही बरं वाटलं होतं.

मग ती गजर व्हायच्या आत उठू लागली. आकडा खोटा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण त्याच्याशिवाय अंथरूण सुटत नव्हतं. इतकी मेहनत केली तर एक दिवस टोक खरंच बाबांच्या टाचेपर्यंत जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. इकडे सुभानराव वाडीतल्या चहाच्या टपरीवर रोज नवा आकडा जाहीर करत होते.

चाचणीचं मैदान हिरवळीचं आणि मऊ होतं. तिन्ही वेळा भाला ताठ रुतला, आणि तिन्ही वेळा अडतीसच्या आसपास. सुभानरावांनी आधी चष्मा पुसला, मग दोरी ओलांडून पंचांना गाठलं आणि पुन्हा मापा, मी स्वतः रोज शेहेचाळीस मोजलंय, असं गुजरातीत सुनावलं.

"साहेब, फरीथी मापो. मारी दीकरी रोज छेतालीस नाखे छे. में जाते माप्युं छे."

पंच बिचारे सरळ होते. टोकाने पडलेला खड्डा दाखवत त्यांनी काकांना समजावून पाहिलं. काका ऐकेनात. आवाज चढला, माणसं बघू लागली, दोन मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. संयोगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पुढे होऊन वडिलांचा दंड धरला.

"बाबा, त्यांचं माप बरोबर आहे. टोक टेकतं तिथे खूण करायची असते. तुम्ही भाला पडायचा तिथे करत होतात."

"कधीपासून?"

"गरब्यानंतर. पहिल्याच दिवसापासून."

"तुला दिसत होतं?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच निभावलं असतं. पण ती हो म्हणाली. सुभानराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगायचंस तरी," ते हळूच म्हणाले. "मी सगळ्या वाडीला सांगून बसलो गं."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात चहाचं भांडं वाजलं नाही. संयोगिता कधीची जागी होती. पलीकडच्या खाटेवर बाबा खोकले, तेव्हा तेही जागेच आहेत हे तिला कळलं. ते हाक मारतील म्हणून ती वाट बघत राहिली. कदाचित तेही तिच्या उठण्याची वाट बघत असतील. उजाडेपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.