मंगलकाकूंची नदी

मंडळी, दुपारचा क्लास संपून दोन तास झाले, पण मी अजून एका नदीकाठीच रेंगाळते आहे.

लॉकडाउन लागल्यापासून दर शनिवारी मी झूमवर सातजणांना खेळातून इंग्रजी शिकवते. हे सगळे नातवंडांना भेटायला सिडनीत आलेले आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकलेले आजीआजोबा. आजचा खेळ असा होता: सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकाने आपल्या आवडत्या जागेचं इंग्रजीत वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ती ओळखायची.

सिडनीच्याच ब्लॅकटाउन भागात राहणाऱ्या मंगलकाकू सहा आठवडे म्यूटवरच होत्या. आज त्यांनी स्वतःहून माइक सुरू केला.

“इव्हिनिंग. रिव्हर इज स्लो. वन बोट. स्मेल ऑफ वेट वूड.”

त्या इतक्या हळुवार बोलत होत्या की मिटल्या डोळ्यांपुढे मला पाणी हलताना दिसायला लागलं.

“गोवा?” कुलकर्णीकाकांनी विचारलं.

“नो, नो. वन मॅन इज स्टँडिंग. ही इज सेइंग, कम मंगल, टी इज रेडी.”

कोणालाच ओळखता येईना. मी विचारलं, “काकू, कुठली जागा ही?”

“चिपळूण. आमचे हे एकटेच आहेत गं तिथे.” मग त्या चपापल्या. “सॉरी, इंग्लिश. ही इज अलोन. आय वॉन्ट टू गो होम.”

या शेवटच्या दोन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरी मला ‘व्हेरी गुड’ म्हणता आलं नाही.

इतके आठवडे मी त्यांना केमिस्टशी काय बोलायचं ते शिकवत होते. परक्या भाषेत तुम्ही अगदी मनातलं असं पहिलं वाक्य कोणतं बोललात, आठवतंय?