हात धुऊन ये

"सर, हिच्या हाताला तंबाखूचा वास येतोय. माझ्या ग्लोव्हमध्ये हिचा हात नको."

ती मुलगी जुळे सोलापूरची, बंगल्यांच्या वस्तीतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. मैदानावर पन्नासेक मुली होत्या, बेसबॉलच्या जिल्हा संघाची निवड चाचणी होती आणि मी दहावीत होते. काही मुली हसल्या. दोघीतिघींनी गुपचूप आपले हात पाठीमागे घेतले.

वास येत होता. खोटं कशाला सांगू? माझी अम्मा बिड्या वळायची. शाळेआधी मी तिच्याशेजारी बसून बिड्यांची तोंडं दुमडायचे. तंबाखू बोटांत मुरतो, धुऊन जात नाही.

आमच्या शाळांमधून ग्लोव्ह कमी, म्हणून एक रीत आहे. फिल्डिंग संपली की ग्लोव्ह आपल्या जागेवरच ठेवून बाहेर पडायचं. समोरच्या संघातल्या मुलीनं तो उचलायचा, हातात घालायचा. कुणाचा घाम कुणाला लागला, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी थर्ड बेसला तिच्यानंतर माझी पाळी. तिनं ठेवलेला ग्लोव्ह मी उचलला. ती पळत परत आली आणि माझ्या हातातून तो ओढून घेतला.

निवड करणारे सर खुर्चीत बसले होते, मांडीवर नावांची यादी. मला वाटलं, तिला रागावतील. ते मला म्हणाले, "हात धुऊन ये जा. साबण लावून."

सरांच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा मावा होता. तो वास कुणाला आला नाही.

आणि मी गेले. बाकी सगळं पचलं, हे पचलं नाही. कुणी ढकललं नव्हतं, मी माझ्या पायांनी गेले. नळावर साबण नव्हता. मातीनं घासले हात, कातडी लाल होईस्तोवर घासले. परत आले तर थर्ड बेसला दुसरी मुलगी उभी.

"सर, माझी फिल्डिंग?"

"झाली की तुझी पाळी. नंबर फुडं गेला."

एका कॉलेजनं सांगितलं होतं, जिल्हा संघात नाव आलं तर अकरावीला खेळाडूंच्या जागेवर घेऊ, फी नाही. नाव आलं नाही तर अम्माशेजारी मांडीवर बिड्यांचं सूप घेऊन बसायचं. एवढा सरळ हिशोब होता. चेंडू अडवण्यात माझा हात धरणारी आमच्या शाळेत कुणी नव्हती. पण बघणार कोण?

दुपारी यादी वाचली. ग्लोव्हवाली होती. मी नव्हते. सरांनी मला जवळ बोलावलं, वर उपकार केल्यासारखं म्हणाले, "तू बी चल की संघाबरोबर. किट उचलायला, पाणी द्यायला एक पोरगी लागतीच."

निवडलेल्या मुलींचा सराव सामना सुरू होणार होता. मी चालत गेले आणि होम प्लेटवर, बॅटिंगच्या जागेवरच, मांडी घालून बसले. बॅट घेऊन आलेली मुलगी तिथंच थांबली.

"ऊठ. तमाशा करू नगंस."

"न्हाई उठणार. आदी माझी फिल्डिंग बगा. मग काडा माझं नाव."

"यादी झाली आता."

"बिडी कारखान्यातला चेकर बी बिडी हातात घिऊन बगतो, मग छाटतो. तुमी तर बगितलंच न्हाई."

सर खुर्चीतून उठले. "ह्या पोरींस्नी हितं आणलं की आसंच व्हतंय."

"ह्या म्हंजे कोण, सर?"

सरांनी नुसती हातानं खूण केली. मुलींबरोबर आलेल्या दोन शिक्षिकांनी मला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. त्या दोघींचाही मला राग आहे, आजही.

कॉलेजची जागा गेली. दोन वर्षं बिड्या वळल्या. अम्मा म्हणाली, "गप बसली असतीस, तर संघाबरोबर निदान परगाव तरी बघून आली असतीस." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. नंतर बाहेरून बारावी केली, पुढं शिकले, आणि आता एका शाळेत खेळ शिकवते. माझ्या संघातल्या निम्म्या मुलींच्या आया बिड्या वळतात, निम्म्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात शिवतात.

परवा शाळेतले एक सर म्हणाले, "म्याडम, जुनं उकरू नका. माफ करून टाका की."

नाही केलं. करणारही नाही. ज्यांनी माफी मागितलीच नाही, त्यांना ती वाटत फिरायला माझ्याकडे वेळ नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणी आहे, त्याच मैदानावर. माझ्या अकरा मुली जाणार आहेत. निवड करणाऱ्यांना आत्ताच सांगते, त्या कच्च्या ठरल्या तर बाहेर काढा, मी चकार शब्द काढणार नाही. पण एकीचाही खेळ न बघता तिचं नाव गाळलंत, तर त्या मैदानावर पुढचा चेंडू मी पडू देणार नाही.