जहाजावरची पांढरी खुर्ची

वडील गेल्यावर भावाने आणि मी मिळून कारखान्यातले लूम भंगारात काढले. भिवंडीत तेव्हा गल्लोगल्ली हेच चाललं होतं, त्यामुळे कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. भाऊ ठाण्याला राहतो. घटस्फोटानंतर मी वरच्या मजल्यावर राहायला आले होते, म्हणून खालचा रिकामा कारखाना आपोआप माझ्याकडे आला. लांबलचक हॉल, जमिनीत लूम बसवल्याचे खड्डे आणि पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर अजून चिकटून राहिलेली सुताची रुई. शेजारचे कारखाने चालू होते. त्यांची खटखट भिंतीतून येई आणि आमच्या हॉलमध्ये घुमत राही.

लूम नेणारा भंगारवाला ओळखीचा होता. राहून गेलेली एक मोटर दाखवायला मी त्याच्या वखारीत गेले, तेव्हा तिथे तोडलेल्या जहाजाच्या सामानाचा ढीग पडला होता. त्यात एक नारिंगी दिवा दिसला. अळंबीसारखा, खाली दांडा, वर फुगीर टोपी, आणि सगळं मिळून एकाच प्लास्टिकचं. कुठे जोड नाही, खिळा नाही. उलटा करून पाहिला तर बुडाशी इटलीचं नाव उठवलेलं. भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा ताई, त्यात पितळ पण नाही."

त्या दिव्याला आपल्याकडचा बल्ब बसेना. आट्यांचा छोटा बल्ब लागतो, तो शोधायला कल्याणला जावं लागलं. संध्याकाळी कारखान्यात जमिनीवर ठेवून तो लावला. त्या मोकळ्या हॉलच्या एका कोपऱ्यात संत्र्याच्या रंगाचं एक तळं झालं आणि मी त्याच्या काठाशी बसून राहिले. वर जाऊन स्वयंपाक करायचाही विसर पडला.

मग मी अशा वस्तूंबद्दल वाचायला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या लोकांना वाटू लागलं होतं की आता उद्याचं जग येणार. माणूस चंद्रावर जाणार, घरांना कोपरे राहणार नाहीत, सुताराची गरज उरणार नाही, एकाच साच्यातून अख्खी खुर्ची बाहेर पडेल. माझा स्वतःचा उद्या मला तेव्हा कुठेच दिसत नव्हता. म्हणून असेल, पण त्या लोकांचा तो भरवसा मला फार आवडला. हळूहळू वस्तू जमत गेल्या. एकावर एक रचायचे गोल डबे, सरकत्या दारांचे. एक छोटा दिवा, ज्याच्या पोटातली वाटी फिरवली की बल्बला ग्रहण लागतं. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी एक बैठक. एकसंध प्लास्टिकच्या तीन-चार खुर्च्या. काही मुंबईच्या जुन्या बाजारातून, काही बंद पडलेल्या हॉटेलांतून. सुट्टीच्या दिवशी मी साबणाच्या पाण्याने त्या धुवायची, ओरखड्यांवर टूथपेस्ट लावून फडक्याने घासत बसायची.

दाखवायला मात्र कुणी नव्हतं. भाऊ गणपतीला आला तेव्हा त्याने दारातूनच आत पाहिलं आणि विचारलं, "हे प्लास्टिक कशाला जमवतेस?" मी काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इंटरनेटवर परदेशातल्या संग्राहकांचा एक गट सापडला होता. तिथे मी फोटो टाकले की चार जण लाल बदामाची खूण पाठवायचे. त्या बदामांचं पुढे काय करायचं ते मला कळत नसे.

मी पडघ्याकडच्या एका गोडाऊनमध्ये परत आलेल्या मालाचा विभाग सांभाळते. माझ्याबरोबर माल तपासणारा एक तरुण चेकर आहे, भिवंडीच्याच जुन्या मोहल्ल्यातला. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाइलवरचे फोटो बघून तो म्हणाला, "मॅडम, असली खुर्ची आमच्या शेजारच्या खालांकडे आहे. पांढरी. त्यांचे मिस्टर जहाजावर होते ना."

त्याच रविवारी तो मला घेऊन गेला.

खाला सत्तरीच्या पुढच्या, बारीक, पांढरी ओढणी घेतलेल्या. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, पुढे पडवी, आणि पडवीत ती खुर्ची. अंडं कापून आतून पोकळ करावं तशी. मूळची पांढरी, आता हात टेकायच्या जागी हळदीसारखी पिवळी पडलेली. खाला तिच्यात पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मांडीवरच्या ताटात तांदूळ निवडत होत्या. तशी खुर्ची मी फक्त पुस्तकांत पाहिली होती. मी नीट नमस्कारही केला नाही, सरळ विचारलं, "खाला, ही विकणार का?"

त्या हसल्या. "विकली तर मी बसू कशात, बाय?" मग बाजूची चटई दाखवून म्हणाल्या, "बस. चहा पिऊन जा."

मी पुढच्या रविवारीही गेले. खरं सांगायचं तर खुर्चीसाठीच गेले. नंतर मात्र मी जात राहिले ते खालांसाठी. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात होते. मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. चेकरची बायको सकाळ-संध्याकाळ डोकावून जायची, एरवी त्या एकट्याच. मी गेले की त्या तांदळाची गोड सांदणं वाफवायच्या, आणि मी खाताना समोर बसून बघत राहायच्या.

खुर्चीची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. त्यांचे पती एका इटालियन प्रवासी जहाजाच्या इंजिनात कामाला होते. वर प्रवाशांसाठी दिवाणखाना होता, त्यात अशा खुर्च्या होत्या. इंजिनातल्या माणसाला तिथे पाय ठेवायची परवानगी नव्हती. जहाज मोडीत निघालं तेव्हा खलाशांना सांगितलं, हवं ते उचला. कुणी घड्याळ घेतलं, कुणी काचेची भांडी. यांनी खुर्ची घेतली. मुंबई बंदरातून सुताच्या ट्रकवर घालून ती भिवंडीला आणली.

"आन ते बसायचे का हिच्यात?" मी त्यांच्यासारखंच बोलून विचारलं.

"न्हाय गो. एकदा पन न्हाय. मला बसवलं आन सोता समोर जमिनीवर बसले. म्हनाले, आता बरोबर दिसतंय."

एकदा मीच त्यांना रिक्षातून आमच्याकडे आणलं. त्या आठवड्यात मी सगळं पुन्हा पुसून ठेवलं होतं. सगळे दिवे लावले. खाला दारात थबकल्या, मग चप्पल काढून आत आल्या, मशिदीत यावं तशा. प्रत्येक वस्तूवर हात फिरवला. ग्रहणाचा दिवा त्यांनी लहान मुलासारखा उघडला, मिटला, परत उघडला. एकेका खुर्चीत बसून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वस्तू नुसत्या पाहत नव्हतं, वापरत होतं.

शेवटी मधाच्या रंगाच्या बैठकीवर टेकून त्यांनी विचारलं, "छान हाय सगळं. हितं बसतं कोन?"

मी म्हटलं, "मीच."

"एका वेळी एकीतच बसत असशील."

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चहा आणायच्या निमित्ताने वर गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलांनी घर पाडून इमारत बांधायचं ठरवलं. खालांनी थोरल्याकडे आखातात जावं असं ठरलं. त्यांना विचारलं होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं. जाताना मी रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं की येताना टेम्पो लागेल, कुणी ओळखीचा असला तर सांग. कारखान्यात खिडकीजवळ खुर्चीसाठी जागाही करून ठेवली होती.

पडवी रिकामी होती. मी इकडेतिकडे बघितलं, तेव्हा खाला शांतपणे म्हणाल्या, "ती पलीकडं दिली." चेकरच्या बायकोला नुकतं बाळ झालं होतं. "कंबर धरते तिची. बाळाला घेऊन त्या खुर्चीत बरी बसते." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून, "तुझ्याकडं खूप हायत, बाय. तिच्याकडं एकपन न्हाय."

मी "बरं केलंत" म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा. वाईट वाटलं ते खुर्चीसाठी की खाला जाणार म्हणून, ते मला आजही वेगळं करता येत नाही. त्यांनी मला एक मोठा डबा दिला, त्यात सांदणं होती. टेम्पो लागला नाही. मी डबा घेऊन चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी कामावर चेकर माझ्याकडे बघायचं टाळत होता. दुपारी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, तुम्हाला हवी असेल तर घेऊन जा. बायको काही म्हणणार नाही. आपण तिला दुसरी घेऊ."

त्या क्षणी मला ती इतकी हवी होती की मी टेबलाची कड घट्ट धरली. मग मी म्हटलं, "नको. तिलाच राहू दे. फक्त उन्हात ठेवू नका, तडे जातात."

पुढे एकदा बाळाला बघायला गेले. खुर्चीवर दुपटी वाळत घातली होती आणि आत, पोकळीत, बाळ झोपलं होतं. एका बाजूला बारीक तडा गेला होता.

खालांचे व्हिडिओ कॉल सुरुवातीला दर आठवड्याला यायचे. सून फोन धरायची, त्यात कधी खालांचं कपाळ दिसायचं, कधी नुसतं छत. तिथले सोफे फार खोल आहेत, बसलं की उठवत नाही, असं त्या सांगायच्या. मी "अजून काय?" म्हणायची, त्या "बस, तू सांग" म्हणायच्या. पुढे कॉल महिन्याने यायला लागले. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं.

जमवणं मी सोडलेलं नाही. गेल्या महिन्यात नाशिकला एका बंद झालेल्या लॉजमधला टांगायचा दिवा मिळाला, दुधी रंगाचा, कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर असलेला. एसटीत तो वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी टोपलीवाली बाई होती. तिने विचारलं, "काय हाय त्यात?" मी वर्तमानपत्र बाजूला करून दाखवला. मग मी बोलत सुटले. समुद्रापलीकडचा तो देश, ती माणसं, साचे, चंद्र, सगळं. ती मान हलवत ऐकत होती. मध्येच तिने एका थरावर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज गोड हाय." पडघा आलं. ती टोपली सावरत उठली, "संभाळून न्या" म्हणाली आणि उतरून गेली. बस सुटली तेव्हा माझं एक वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी दिवा पुन्हा कागदात गुंडाळला आणि खिडकीकडे सरकून बसले.